सोमवारचा सिनेमा

भाकरीची सुट्टी संपली. बत्तीस बायांनी हात धुतले, सुपं पुन्हा मांडीवर घेतली आणि बत्तीसच्या बत्तीस तोंडं माझ्याकडे वळली. धुरपदाक्कानं टेंभुर्णीच्या पानावर तंबाखूची चिमूट पसरत फर्मावलं, "हं मथुरे. दरोडेखोर देव्हाऱ्यापाशी येऊन उभा राह्यला. मंग?"

मग काय, ते मला ठाऊक नव्हतं. दरोडेखोर देव्हाऱ्यापाशी आला आणि मध्यंतर झालं, आणि मध्यंतरानंतर मी जी झोपले ती खेळ सुटल्यावर डोअरकीपर शिवरामनानांनी खुर्चीची पाठ बडवली तेव्हाच उठले. मूठभर शेंगा तशाच हातात होत्या.

सगळ्यात वाईट सिनेमा कोणता पाहिलास, असं माझी नात मला अधूनमधून विचारते. तिला याद्या करायची हौस आहे, चांगल्यांची वेगळी आणि भिकारांची वेगळी. मी दरवेळी 'दरोडा आणि देव्हारा' असंच सांगते. ती फोनवर शोधते, तिला सापडत नाही. सापडायचाही नाही. त्यातल्या दरोडेखोराची मिशी एका प्रसंगात डावीकडे कललेली असे, तर दुसऱ्यात उजवीकडे. वाघ म्हणून जे जनावर दाखवलं होतं त्याला पाहून पुढच्या रांगेतली तान्ही पोरं हसत होती. पाटील उठल्यासुटल्या बायकोला, भागीरथीला, बडवत होता, आणि तिनं दर मारानंतर एक गाणं म्हणायचं असा बहुधा करार असावा. पाटलानं दुसरी बाई घरात आणली, भागीरथीला मागच्या पडवीत हाकललं, तिनं तिथंही गाणं म्हटलं. एवढं होईपर्यंत मध्यंतर झालं आणि माझे डोळे मिटले.

पण ही गोष्ट झोपेची नाही, सोमवारची आहे. संगमनेरात आमच्या विडीच्या कारखान्यात तेव्हा एक रिवाज होता. शिवरामनाना आमच्याच आळीतले. चंद्रविलास टॉकीजला रविवारी बाराच्या खेळाला गर्दी नसे, तेव्हा ते आमच्यातल्या एका बाईला फुकट आत सोडत. त्या बाईनं सिनेमा नीट बघायचा आणि सोमवारी विड्या वळता वळता सगळ्यांना सांगायचा. सांगताना हात मागे पडतात, म्हणून बाकीच्या बाया आपापल्या विड्यांतला एकेक कट्टा, म्हणजे बांधलेली जुडी, तिच्या सुपात टाकत. मुकादम काही बोलत नसे, कारण सोमवारी बाया भांडत नसत आणि खराब म्हणून फेकायच्या विड्याही कमी निघत.

सांगण्याचेही नियम होते. भाकरीच्या सुट्टीलाच मध्यंतर आलं पाहिजे. गाणं आलं की निदान दोन ओळी गुणगुणल्या पाहिजेत. नटीच्या लुगड्याचा रंग सांगितलाच पाहिजे, मग सिनेमा काळापांढरा का असेना. आणि कुणी मध्येच 'शेवटी मरते का गं' असं विचारलं तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

बारा वर्षं हे काम चांगुणामावशीनं केलं होतं. ठेंगणी, काळीसावळी, घरात अकरा माणसं, आणि बोलायला लागली की मुकादमसुद्धा खांबाआड उभा राहून ऐकायचा. तिचे सिनेमे ऐकून आम्ही रडलो, हसलो, एकदा तर एका खलनायकाला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या त्या रस्त्यावर ऐकू गेल्या. पण त्या वर्षी तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरली. चार वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ. मग तिनंच माझं नाव पुढे केलं. मी तेवीस वर्षांची, सातवी पास, सगळ्यांत धाकटी. धुरपदाक्कानं नाक मुरडलं. ही काय सांगणार, हिला बाजारातून काय आणलं तेसुद्धा धड सांगता येत नाही, असं तिनं माझ्यासमोरच सगळ्यांना ऐकवलं. धुरपदाक्का पन्नाशीची, कारखान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट बाई होती. तिला पटलं तर सगळ्यांना पटलं, असा हिशेब.

मावशीनं मला जाताना एवढंच सांगितलं की बाहेर काचेच्या पेटीत फोटो लावलेले असतात ते नीट बघून घे. मला वाटलं, म्हातारीचा साधेपणा. आत सिनेमा असताना बाहेरचे फोटो कोण बघतं? टॉकीजच्या दारात शिवरामनानांनीही मला विचारलं, "आत बसणार का?" मी म्हटलं, मग कुठं बसू? त्यांनी खांदे उडवले आणि पडदा बाजूला केला.

आता मी का झोपले, ते सांगते. माझी सासू मला एकटीला देवळातसुद्धा पाठवत नसे. पण कारखान्यातल्या बायांनी नेमलेल्या कामाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती, कारण मग बत्तीस जणी दारात येऊन बसल्या असत्या. म्हणजे आठवड्यातले ते तीन तास माझे. डोक्यावर पंखा, समोर अंधार, पाठीला खुर्ची, आणि 'मथुरा' म्हणून हाक मारणारं कुणी नाही. लग्न झाल्यापासून असं कधी झालंच नव्हतं. देहानं संधी साधली, त्याला मी काय करणार?

पण हे सोमवारी बायांना सांगायचं कसं? पहिल्याच रविवारी झोपले म्हटलं असतं तर धुरपदाक्कानं तिथल्या तिथं दुसरी बाई नेमली असती. सांगण्याचं काम गेलं की रविवारही गेला. माझी सासू गालात हसली असती, तेही मला दिसत होतं. मी मावशीकडे बघितलं. ती मान खाली घालून पान कापत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून मी तोंड उघडलं.

दरोडेखोरानं देव्हारा उघडला, तर आत देवीच्या अंगावर एकही दागिना नव्हता, असं मी सांगितलं. आधीच कुणीतरी नेला होता. कुणी? बायांच्या कात्र्या थांबल्या. मीही थांबले, कारण मलाही ठाऊक नव्हतं. मग पाटीलच पुढे आला. त्यानंच दागिने चोरले होते, दुसऱ्या बायकोला घालायला, आणि आळ दरोडेखोरावर. हे पडवीत राहणाऱ्या भागीरथीनं बघितलेलं. मग कोर्ट. कोर्टात पाटील तिला दटावतो की मी तुझं कुंकू आहे, तोंड सांभाळून बोल. त्यावर भागीरथी जज्जाकडे बघून म्हणते, कुंकू माझ्या कपाळावर आहे, ह्यांच्या खिशात नाही.

हे वाक्य कुठून आलं ते देवच जाणे. मी एकदा बोलायला लागले ते थांबेचना. पाटलाला शिक्षा झाली. भागीरथी कोर्टातून वाड्यावर आली. दुसरी बाई दारात थरथरत उभी. भागीरथी तिला एक शब्द बोलली नाही. सरळ आत गेली, माजघरातल्या झोपाळ्यावर बसली, पायानं हलकेच झोका घेतला आणि म्हणाली, "पडवी रिकामी झाली. आता तिथं ज्याला राह्यचं त्यानं राहावं." आणि सिनेमा संपला.

एरवी सिनेमा संपला की बाया नट्यांच्या नाकडोळ्यांवर घसरत. त्या दिवशी नुसत्या बसून राहिल्या. आता पकडले गेले, असं मला वाटलं. तेवढ्यात धुरपदाक्कानं विचारलं, "झोपाळ्याला कड्या पितळी होत्या का लोखंडी?"

"पितळी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि विडी वळायला घेतली. मी जिंकले होते. घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

बुधवारी ते पाय जमिनीला चांगलेच लागले. पानांची गाडी आलीच नाही, कारखान्याला अचानक सुट्टी मिळाली. बाया दारातच घोळका करून उभ्या होत्या, आणि धुरपदाक्कानं जाहीर केलं की आज सगळ्यांनी मिळून 'दरोडा आणि देव्हारा' बघायचा. तिकीट काढून. धुरपदाक्का बारा वर्षांत एकदाही टॉकीजकडे फिरकली नव्हती. कामाच्या दिवसाची सुट्टी घरी कुणाला माहीत नव्हती, त्यामुळे बाया लगेच तयार झाल्या.

पण एक हुकमी पत्ता माझ्याकडे होता. आमच्या कारखान्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की रविवारच्या बाराच्या खेळालाच पूर्ण सिनेमा दाखवतात, बाकीच्या दिवशी खेळ लवकर उरकायला रिळं कापतात. हे चांगुणामावशीनंच सांगितलेलं. आमच्यातली एखादी चुकून लग्नाबिग्नाच्या निमित्तानं तोच सिनेमा बघून आली आणि 'मावशी, तू सांगितलेलं ते नव्हतं गं' म्हणाली, की मावशी म्हणे, "कापलं असंल." ते मी आता पुढे केलं. बुधवारी काय बघायचं, निम्मा कापलेला असतो, असं म्हणाले.

"कापून कापून किती कापतील?" धुरपदाक्का म्हणाली. "झोपाळा तरी ठेवतील ना?"

तेहतीस बायांनी बाल्कनीखालच्या दोन रांगा भरून टाकल्या. मध्यंतरापर्यंत सगळं माझ्या शब्दाबरहुकूम चाललं होतं. बाया माझ्याकडे वळून वळून बघत होत्या, बघ हं, आता मिशी उजवीकडे येईल, आली. मध्यंतरात मी मारुतीला नारळ बोलले. आपल्या झोपेत नेमकं तेच झालं असेल, जे आपण सांगितलं, अशी वेडी आशा माणसाला असते.

मध्यंतर संपलं. दरोडेखोरानं देव्हारा उघडला, आत दागिने होते. त्यानं ते घेतले. पाटील आडवा आला. दरोडेखोरानं बंदूक रोखली. कुठून कोण जाणे, पडवीतून भागीरथी धावत आली आणि गोळी तिनं छातीवर घेतली. मग ती पाटलाच्या मांडीवर पडली. मी तुमच्या पायाची धूळ, काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणाली, एक गाणं म्हटलं, ते गाणं गोळी लागलेल्या माणसाच्या मानानं बरंच लांब होतं, आणि मेली. मध्यंतरानंतर दहा मिनिटांच्या आत.

धुरपदाक्का खुर्चीतून उठून उभी राहिली. मागून कुणी तरी खाली बसा म्हणालं. ती बसली नाही. उरलेला सिनेमा आमच्या दोन रांगांमध्ये कुणीच धड बघितला नाही. पाटील सुधारला, दुसऱ्या बायकोनं भागीरथीच्या फोटोला हार घातला, दरोडेखोर साधू झाला. दिवे लागले तशी धुरपदाक्का बाहेर निघाली, पण गेटाकडे न जाता मॅनेजरच्या खोलीकडे वळली, आणि तिच्यामागून सगळ्या.

मॅनेजर कुलथे गोल चेहऱ्याचे, घाबरट गृहस्थ होते. खोलीत पाच बाया मावल्या, बाकीच्या दारात आणि खिडकीत. धुरपदाक्कानं टेबलावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कोर्ट कुठं हाये?"

कुलथ्यांना वाटलं खटल्याबिटल्याचं काही आहे. त्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली. मग बाया एकदम बोलायला लागल्या. कोर्ट कापलं, साक्ष कापली, झोपाळा कापला, जिवंत बाई मारून टाकली, आम्ही पैसे मोजलेत. कुलथ्यांच्या कपाळावर घाम आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ते हात जोडून म्हणाले, "बाई, देवाशपथ सांगतो, फक्त एक गाणं कापलंय. पाटलाच्या लग्नाचं. त्याच्यापुढं मी कात्री लावली नाही."

"म्हंजे कापता तुम्ही," धुरपदाक्का म्हणाली. त्यानंतर कुलथ्यांचं काही ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

बिचाऱ्यांनी ऑपरेटरला बोलावलं. बरकू नावाचा वाळका माणूस, हाताला काजळी लागलेली. रीळ कुठं हरवलं, असं कुलथे त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, साहेब, सगळी लावली. त्यावर कुलथ्यांना सुटकेची वाट दिसली. ते आमच्याकडे वळून म्हणाले, याचंच काम आहे हे, याला आजच्या आज काढून टाकतो, मग तर झालं ना? बाया म्हणाल्या, काढाच. बरकू नुसता आपल्या काजळी लागलेल्या बोटांकडे बघत राहिला.

मी दारात उभी होते. माझ्यामागे चांगुणामावशी धापा टाकत भिंतीला टेकली होती. गप्प राहिले असते तर बायांनी मला डोक्यावर घेतलं असतं, रविवार माझा राहिला असता, आणि बरकूची नोकरी गेली असती. मला त्याचा राग आला, खरं सांगते. हा माणूस कशाला मध्ये आला, असं वाटलं. आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"अक्का," मी म्हटलं, "त्यांनी काही कापलं नाही. मी झोपले होते. मध्यंतरानंतरचं सगळं मी मनानं सांगितलं."

बत्तीस तोंडं पुन्हा माझ्याकडे वळली होती. धुरपदाक्कानं मला खालवर न्याहाळलं. मग तिनं मॅनेजरकडे मान फिरवली.

"ऐकलं का सायेब?" ती म्हणाली. "ही झोपेत तुमच्यापरीस बरा सिनेमा काढती. बाईमाणसाला मारून टाकायला अक्कल लागत नाही."

खिडकीतून कुणी तरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. बरकूही हसला. कुलथे कशाला हसतोय हे न कळता हसले, आणि त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. बशीतला चहा फुंकत धुरपदाक्का माझ्यापाशी आली.

"येत्या रविवारी पुन्हा जा," ती म्हणाली. "पण पैल्यापासून झोप. निम्मं बघायचं निम्मं झोपायचं, असं नको."

परतताना बाया पुढे गेल्या. चांगुणामावशीला चढ झेपत नव्हता म्हणून मी तिच्याबरोबर मागे राहिले. प्रवरेच्या घाटावर एक दगडी कट्टा आहे, त्याच्यावर ती टेकली. नदीला पाणी जेमतेम होतं. मावशीला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकून झालं की पुन्हा हसू. मला वाटलं हिला काही होतंय.

"बारा वरसं," ती शेवटी म्हणाली. "बारा वरसं मला कुणी धरलं नाही. आन् तू पैल्याच फेरीत सापडलीस."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. पहिले चार-सहा सिनेमे तिनं आत बसून बघितले होते. मग एक असा भिकार निघाला की तसाच सांगितला असता तर बायांनी सोमवार बंद केला असता. तिनं तो जरा सुधारून सांगितला. पुढच्या खेपेला जरा जास्त. मग तिच्या लक्षात आलं की आत बसायची गरजच नाही. बाहेरचे फोटो बघायचे, नट्या कोण, लुगडी कसली तेवढं डोक्यात घ्यायचं, आणि इथं ह्या कट्ट्यावर येऊन तीन तास बसायचं. शिवरामनानांना माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत.

"त्यांचा बघितला की माझा बिघडायचा," मावशी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे ज्या खलनायकाला आम्ही शिव्या घातल्या तो कधी जन्मलाच नव्हता. मी तिला विचारलं, मग इथं बसून तुला सुचायचं तरी कसं? ती म्हणाली, सुचत नाही काही. शनिवारी कामावर सगळ्यांची तोंडं बघून ठेवायची. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "धुरपदा एवढी का भांडली, तुला समजलं का?"

समजलं. त्या कट्ट्यावर बसल्यावर समजलं. धुरपदाक्काच्या नवऱ्यानं दुसरी केली होती. सोळा वर्षं ती स्वतःच्याच घरात मागच्या पडवीत झोपत होती. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण सांगताना ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. अडले होते म्हणून तोंडाला येईल ते बोलत सुटले होते, आणि तिनं ते नेऊन स्वतःच्या घरात ठेवलं होतं. कड्यांसकट.

मग मला एकदम भीती वाटली. कारण एक सिनेमा मी चार वर्षं मनात जपून ठेवला होता. मावशीनंच सांगितलेला, कुंभाराच्या सुनेचा. नवरा तिला मारायचा. एक दिवस भर अंगणात, सासूसमोर, तिनं त्याचा उगारलेला हात मनगटात धरला आणि म्हणाली, हा हात मातीवर चालवा, मडकं तरी होईल. ओरडली नाही, रडली नाही, नुसता हात धरून उभी राहिली. हे ऐकून मी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी हात उगारला गेला, तेव्हा मीही तो धरला. माझा नवरा एकनाथ गवंडी होता, म्हणून मी विटेचं नाव घेतलं. हा हात विटेवर चालवा, भिंत तरी उभी राहील. मला वाटलं, ती एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढ्या लोकांसमोर बोलली, मग मला घरातल्या घरात बोलायला काय झालं? त्यानंतर तो हात आणखी दोनदा उठला, दोन्ही वेळा मी धरला, आणि मग उठायचा थांबला. तो सिनेमा पुन्हा कधी लागला की काही झालं तरी बघायचा, त्या बाईला एकदा डोळ्यांनी बघायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. नातीच्या चांगल्या सिनेमांच्या यादीत आज मी सांगून पहिलं नाव घालायला लावते, ते त्याच सिनेमाचं.

"मावशी," मी म्हटलं, "तो कुंभाराच्या सुनेचा तरी खरा होता ना?"

मावशीला खोकल्याची एक उबळ आली, ती तिनं पदरात जिरवली.

"त्या शनिवारी तू डावा डोळा पदरानं झाकून बसली व्हतीस," ती म्हणाली. "दिवसभर पदर खाली पडू दिला नाहीस. मंग मी दुसरा कुठला सांगणार गं?"